न दुखणारी जखम

लुवेनी, एन्गकोबो
८ ऑगस्ट २००४

लाडक्या झोलेका,

आधी खाली बस, मग पुढचं वाच. आपल्या नोम्बासाचं लग्न ठरलं! त्सोलो गावची माणसं परवा येऊन गेली. मुलीसाठी ते किती गाई देणार, यावरून दिवसभर नुसती घासाघीस. मी आतल्या खोलीत दाराला कान लावून बसले होते. शेवटी मुलाच्या काकाने मला बाहेर बोलावलं, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ज्या घरातल्या बायका उभ्या राहिल्या की दार भरतं, त्या घरातली पोरगी आमच्या मुलाला उपाशी ठेवायची नाही. घ्या, अजून एक गाय." सगळे हसले आणि ठरलं. बघितलंस, आपला देह असा कामी येतो!

लग्न डिसेंबरात. शिंपीण माप घ्यायला आली होती. टेप माझ्या कमरेला पुरेना. बिचारी लाजली. मी म्हटलं, "लाजतेस काय बाई, शेत मोजतात तसं मोज. आधी अलीकडचा बांध, मग पलीकडचा."

तू मावशी आहेस, तेव्हा हांड्यांवर तूच उभं राहायचं. शेजारच्या माम्पिंगाला मी सांगून टाकलंय, तू फक्त हाताखाली. ती जरा फुगली, पण फुगू दे. गावातल्या मयताला, लग्नाला तीच तर रांधते, एकदा आपल्या घरचं माणूस पुढे असू दे.

आता एक विचारते. माम्पिंगाचा थोरला, तेम्बिले, तिकडून सुट्टीवर आलाय. म्हणाला, "झोलेकामावशींना रस्त्यात ओळखलंच नाही. निम्म्या झाल्यात." हे तो आपल्या आईसमोर बोलला, म्हणजे एव्हाना नदीपलीकडेही कळलं असेल. काय चाललंय तुझं? शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून माणूस वाळतं का? फोन करू नकोस. टेकडीवर चढल्याशिवाय आवाज येत नाही आणि तिथं अर्धं गाव कान टवकारून उभं असतं. पत्रच लिही.

मी मजेत. प्रार्थनेसाठी नवे काळे बूट घेतलेत. उजव्याने टाच चावलीय, पण होतील सैल.

तुझी ताई,
नोबांतू


पोर्ट एलिझाबेथ
२९ ऑगस्ट २००४

प्रिय ताई,

नोम्बासाचं वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. तिला माझ्याकडून गालाचा पापा.

तेम्बिले खोटं बोलला नाही. मी बारीक झालेय. तुला आधीच कळवायला हवं होतं, पण लाज वाटत होती. अजून वाटतेय, तरी लिहिते.

मे महिन्यात मी शाळेत हांड्याजवळ चक्कर येऊन पडले. दवाखान्यात नेलं. तिथला काटा माझं वजन दाखवेना, टोकाला जाऊन नुसता थरथरत राहिला. नर्स आतून ओरडली, "हिला मागे भांडारात न्या, पोती मोजायच्या काट्यावर!" सगळी रांग हसली. मीही हसले. आपण दोघी नेहमी आधी हसतो ना, म्हणजे लोकांचं हसू आपल्या मागून येतं. पण त्या दिवशी पोत्यांच्या मधे चपला काढून उभी राहिले आणि मला आई आठवली. रक्त तपासलं. साखर निघाली, ताई. खूप.

डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, "आई, हे वजन उतरवलं नाही तर डोळे जातील, मूत्रपिंडं जातील, पाय जातील." चहातली साखर सोडली, सकाळचे पिठाचे तळलेले गोळे, आमाग्विन्या, सोडले, चरबी लावलेला पाव सोडला. शाळेत चालत जाते. उतरलं वजन. दम लागत नाही. रात्री झोप लागते. मला वाटलं होतं लोक म्हणतील, शाब्बास.

लोकांनी दुसरंच ठरवलं. आमच्याकडे बाई बारीक व्हायला लागली की एकाच आजाराचं नाव मनात येतं, तोंडावर कोणी घेत नाही. टॅक्सीवाला पूर्वी म्हणायचा, "माई, दोन जागा व्यापता, दोघांचं भाडं द्या." आता मी एका जागेत मावते, तर शेजारची जागा रिकामी राहते. शाळेत काही मुलं माझ्या हातचं वाढून घेईनात. घरून सांगून पाठवलं असणार. मुख्याध्यापिका फार गोड बोलल्या, "झोलेका, तुला विश्रांतीची गरज आहे," आणि मला मागच्या अंगणात भांडी घासायला बसवलं. इतकी वर्षं मी त्या मुलांना जेवू घातलं.

ताई, तूही एकदा तपासून घे. आईचा पाय काळा पडत गेला तो असाच. आपण दोघी तिच्याच वळणावर गेलोय.

तुझी,
झोलेका


लुवेनी
१९ सप्टेंबर २००४

झोलेका,

तुझं पत्र मिळालं.

साखर म्हणतेस. बरं. मामांची सूनही साखरच म्हणत होती. तिला शवपेटीत ठेवलं तेव्हाही तिच्या घरचे साखरच म्हणत होते. मी तुझी बहीण आहे, मला तरी खरं सांगायचंस. तू विधवा, एकटी, शहरात राहतेस, माणसाकडून चूक होते. मी तुला टाकणार नव्हते.

आणि आईचं नाव यात ओढू नकोस. आईचा पाय साखरेने गेला नाही. फाटकापाशी करणी करून पुरलेलं काहीतरी तिने ओलांडलं, म्हणून गेला. पुरलं कोणी, ते अख्ख्या गावाला माहीत आहे. माम्पिंगाची सासू जिवंत होती तेव्हाची गोष्ट. मी माम्पिंगाशी हसते-बोलते, तिच्या हातचं खाते, कारण शेजार आहे. पण विसरले नाही.

आता नीट ऐक. त्सोलोची विहीणबाई तोंडाने गोड आणि डोळ्यांनी कडक आहे. परवा विचारत होती, "मुलीची मावशी शहरात असते ना? तब्येत बरी असते ना त्यांची?" कुठून कळलं असेल तूच सांग. मी म्हटलं, कामाचा ताण आहे. ठरलेलं लग्न मोडायला असल्या एका कुजबुजीपेक्षा जास्त काही लागत नाही.

म्हणून सांगते, अजून तीन महिने आहेत. खा. बसवाल्याबरोबर चरबीचा डबा आणि वाफेवरचा पाव पाठवतेय. भरडलेल्या मक्यात घाल आणि खा. गाल भरून ये, म्हणजे मी तुला सगळ्यांच्या पुढे उभी करीन. नाही भरलीस तर येऊ नकोस. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीय. पण मी आधी नोम्बासाची आई आहे.

माझी काळजी करू नकोस. मी हत्तीसारखी आहे. हल्ली प्रार्थनेत उभी राहत नाही, बसूनच गाते. म्हातारपण, दुसरं काय.

नोबांतू


पोर्ट एलिझाबेथ
२४ ऑक्टोबर २००४

ताई,

डबा पोचला. मी खाल्लं.

तू म्हणालीस म्हणून खाल्लं असं लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं नाही. मला तुझ्या शेजारी उभं राहायचं होतं. लोकांनी म्हणायला हवं होतं, बघा, दोघी बहिणी, दोन कोठारं. म्हणून सकाळी पाव, दुपारी पाव, चरबी, साखर घातलेला चहा. आरशासमोर गाल फुगवून बघायची. गाल भरायला लागलेसुद्धा. शेजारीण म्हणाली, "आता कशी माणसात आलीस!" मला इतका आनंद झाला, की त्या आनंदाचीच आता लाज वाटते.

मग एक दिवस भाजी चिरताना एका सुरीच्या दोन दिसायला लागल्या. दवाखान्यात गेले. तीच नर्स. आकडा बघून या वेळी ती ओरडली नाही, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि हळू विचारलं, "आई, कोणासाठी मरताय तुम्ही?" तुझं नाव कसं घेऊ?

मी दुसरी तपासणीही करून घेतली. एड्सची, तुला जी वाटते ती. त्या तपासणीची रांग वेगळी असते, भिंतीकडे तोंड करून. माझ्या शेजारी एक काडीसारखी पोरगी बसली होती. बाकावर जागा कमी होती आणि तिचा दंड माझ्या दंडाला लागत होता. मी अंग चोरून घेतलं, ताई. टॅक्सीत लोक माझ्यापासून सरकतात, तशी मी तिच्यापासून सरकले. तिने बघितलं, आणि काही न बोलता स्वतःच बाकाच्या टोकाला जाऊन बसली.

मला तो आजार नाही. तसा कागद माझ्याकडे आहे. तो मी तुला पाठवणार नाही. बहिणीला कागद दाखवून बहीण व्हायचं असेल, तर नकोच.

मी पुन्हा चरबी सोडलीय. डिसेंबरात गाल भरलेले नसतील. तेव्हा मी येत नाही. नोम्बासाला सांग, मावशीला रजा मिळाली नाही.

झोलेका


लुवेनी
२१ नोव्हेंबर २००४

झोलेका,

तू ठरवलंस ते बरंच केलंस. नोम्बासा रडली, पण समजेल तिला. तुझ्या जागी माम्पिंगा हांड्यांवर उभी राहील. बैल मामांनी दिलाय. मांडव, खुर्च्या सगळं ठरलं. मी भांडायला हे पत्र लिहीत नाहीय.

दोन कामं आहेत. तिकडे मोठ्या मापाच्या मऊ सपाता मिळतात, पुरुषांच्या, त्या बसवाल्याबरोबर पाठव. वऱ्हाडात एक म्हातारा आहे, त्याच्यासाठी.

आणि तुझ्या त्या नर्सला विचार, टाचेला जखम झाली आणि महिना झाला तरी भरत नसेल, तर काय लावतात? इथं एक बाई विचारत होती. तिला दुखत नाही अजिबात, म्हणून ती घाबरलेली नाही. वैदूचा पाला लावून झाला, मीठ-पाणी झालं. फक्त थोडा वास येतो.

नोबांतू


पोर्ट एलिझाबेथ
१ डिसेंबर २००४

ताई,

सपाता पाठवतेय. नर्सला विचारलं. तिने तुझं पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. म्हणाली, "त्या बाईला सांगा, दुखत नाही हीच सगळ्यात वाईट खूण आहे. साखरेने पायाची जाण मरते. आत सडत जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही. तिला आजच्या आज दवाखान्यात न्या. लग्नकार्य असेल तरी न्या."

लग्नाचं मी तिला सांगितलं नव्हतं, ताई. तुझ्या पत्रात होतं.

त्या बाईला सांग, जा. कोणी काही पुरलेलं नाही. जा.

झोलेका


पोर्ट एलिझाबेथ
३० जानेवारी २००५

प्रिय ताई,

परवा उम्ताताच्या इस्पितळात तुझ्या पलंगाशी मी आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस. झोपली नव्हतीस. आपण एका चटईवर वाढलो, तू खरी झोपतेस तेव्हा घोरतेस. चादर गुडघ्याखाली एका बाजूला सपाट होती, तिकडे बघत बसून राहिले आणि निघून आले. नोम्बासा दाराबाहेर माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "मावशी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आई पडली तोपर्यंत तिने बूट काढूच दिला नाही कोणाला."

तिथं बोलले नाही ते आता लिहिते, कारण ते मनात ठेवून मला तुझी सेवा करता यायची नाही.

तो पाय तुझाच आहे हे मला सपातांचं वाचलं तेव्हाच कळलं होतं. मला रजा होती. शाळा बंद होती. मी बसमध्ये बसून येऊ शकत होते, तुला हाताला धरून दवाखान्यात नेऊ शकत होते. मी पत्र पाठवलं आणि घरी बसले. मनात एक आवाज म्हणत होता, तिने मला दारात येऊ दिलं नाही, आता पत्रातच राहीन. हा आवाज माझाच होता. त्याने मला बरं वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आधी आणलं असतं तर पाय वाचला असता.

मी आणखी काय लिहू?

झोलेका


लुवेनी
२० फेब्रुवारी २००५

झोले,

घरी आलेय. चाकांची खुर्ची दिली, पण त्यात मी मावत नाही. कमरेला दोन्हीकडून चावते. त्या शिंपिणीला बोलावून खुर्चीची मापं घ्यायला लावणार आहे.

तुझ्या मनातला आवाज राहू दे बाजूला. तू पत्र तरी पाठवलंस. ते लग्नाच्या आदल्या दिवशी मिळालं. मी वाचलं आणि चुलीत घातलं. मला वाटलं, एक दिवस. फक्त उद्याचा एक दिवस ढकलू. पोरगी सासरी जाऊ दे.

आता तुला जे सांगते ते नोम्बासालाही माहीत नाही.

लग्नाचा दिवस उन्हाने नुसता पेटला होता. मी पायाला फडकी गुंडाळली, वर मोजा, वर काळा बूट, तुझ्या सपाता काही घातल्या नाहीत. प्रार्थनेला घालतो तो लाल अंगरखा, पांढरी टोपी. वरात आली तेव्हा मी नाचलेसुद्धा. दुखतच नव्हतं ना. मग जेवणाच्या पंगतीला मांडवात बसलो. विहीणबाई माझ्या शेजारी. थोड्या वेळाने तिने नाकाला रुमाल लावला. मग पलीकडचीने लावला. कोणीतरी म्हणालं, "कसला वास येतोय?" आणि दुसरी म्हणाली, "मांस उतरलंय वाटतं."

मला माहीत होतं तो वास कसला होता.

माम्पिंगा धावत आली. मोठ्या हांड्यावरचं झाकण काढून तिने सगळ्यांसमोर तुकडा तोंडात टाकला. म्हणाली, "हा बैल आज पहाटे कापलाय. हे मांस ताजं आहे. खाऊन बघा कोणीही." आणि तिने माझ्याकडे बघितलं. घर माझं, कार्य माझं. मी एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. "हो, चांगलं आहे," एवढंच. पण मग लोक वास शोधत फिरले असते. मग ते माझ्या खुर्चीपाशी आले असते.

मी म्हटलं, "फेकून द्या. पाहुण्यांना आजारी पाडायचंय का?"

अख्खा हांडा खड्ड्यात ओतला. बाकीचं कोंबडी-भातावर भागवलं. दुपारी गावातली कुत्री त्या खड्ड्यातलं खात होती आणि त्यांना काहीसुद्धा झालं नाही, ते सगळ्यांनी बघितलं, आणि तरीही मी बोलले नाही. माम्पिंगाने अंगावरचा ॲप्रन सोडला, घडी केली, रिकाम्या हांड्यावर ठेवली आणि घरी गेली. वाद नाही, शिव्या नाहीत. तेव्हापासून गावात तीन मयतं झाली. तिला रांधायला कोणी बोलावलं नाही.

पाय गेला याचं मला रडू येत नाही, झोले. त्या दिवशी तू इस्पितळात आलीस तेव्हा मी भिंतीकडे वळले, कारण मला वाटलं, तुझ्याकडे बघितलं तर हे तोंडातून बाहेर पडेल.

नोबांतू


पोर्ट एलिझाबेथ
६ मार्च २००५

ताई,

तुझं पत्र मी अंगणात वाचलं, भांड्यांच्या ढिगाजवळ.

आपल्या हातचं अन्न लोकांनी नाकारलं की त्या बाईचं काय होतं, ते मला विचार. ती तिथंच उभी असते, हात धुतलेले असतात, आणि तरी तिला आपल्या हातांकडे बघवत नाही. तू मला काय केलंस ते मी विसरेन. मी तुझी बहीण आहे, मला विसरावंच लागेल. माम्पिंगाला काही विसरावं लागत नाही.

तिला सांग. तिच्या एकटीच्या कानात नाही. पंगत जेवढ्या लोकांसमोर उठली, तेवढ्यांसमोर.

रांगेतली ती पोरगी मला परत भेटली. तिचं नाव लुलामा. औषधं सुरू झाल्यापासून तिच्या अंगावर मांस यायला लागलंय. मी तिच्यासाठी घेवड्याची भाजी नेली होती. डबा पुढे केला आणि भीती वाटली, तिने घेतला नाही तर? तिने उघडला आणि तिथंच खाल्ला. म्हणाली, "मावशी, मीठ कमी आहे." मला इतकं हसू आलं.

झोलेका


लुवेनी
१७ एप्रिल २००५

माझ्या झोले,

सांगितलं.

गुरुवारच्या प्रार्थनेला गेले. पाणी आणायची बैलांची घसरगाडी, तिच्यावर गादी घालून नोम्बासाच्या लुण्डीने मला नेलं. जावई चांगला मिळालाय, जरासुद्धा हसला नाही. बैल तेवढे दोनदा थांबले. चर्चमध्ये सगळ्या लाल-पांढऱ्या बायका बसल्या होत्या, माम्पिंगा शेवटच्या बाकावर. गाणं संपल्यावर मी म्हटलं, मला उभं राहता येत नाही, तेव्हा बसूनच सांगते. आणि सांगितलं. पाय, चिंध्या, वास, हांडा, सगळं. ओलांडण्याचंही सांगितलं, की माम्पिंगाच्या सासूने काही पुरलं नव्हतं, आईलाही साखरच होती, आणि आम्ही इतकी वर्षं ते त्या घराच्या माथी मारलं. तुझंही सांगितलं. माझ्या बहिणीला साखर होती आणि मी तिला दारात येऊ दिलं नाही.

मला वाटलं होतं बोलून झालं की हलकं वाटेल. नाही वाटलं. सगळ्यांसमोर कपडे सोडल्यासारखं वाटलं.

माम्पिंगा उठली. म्हणाली, "तुझा पाय कापला त्या दिवशी मी रडले होते, नोबांतू. घरात बसून, कोणाला न दाखवता. ते रडणं मला परत दे." आणि निघून गेली. मी काय परत देणार होते?

दार लागलं तरी सगळ्या तशाच बसून होत्या. मग पाद्रीबाईंनी, त्या माझ्याहून रुंद आहेत तुला ठाऊक आहे, हळूच विचारलं, "आधी मुंग्या आल्यासारखं व्हायचं का गं तुला?" मी म्हटलं, व्हायचं. मग पुढच्या बाकावरची म्हणाली, "मला रात्री पायांत आग होते." तिसरी म्हणाली, तिला गरम पाणी कळतच नाही. मी म्हटलं, अगं, बूट काढून बघा तरी. तर कळलं, बघणार कशा? आमच्यातल्या एकीलाही वाकून आपला तळवा दिसत नाही. मधे पोट. वर्षानुवर्षं कोणी आपला तळपाय बघितलेलाच नव्हता!

म्हणून एकीने दुसरीचा बघितला. समोरासमोर बाक लावले, बूट काढले, मोजे काढले, आणि एकीचा पाय दुसरीच्या मांडीवर. किती लाजत होत्या! काहींचे पाय धुतलेले नव्हते, काहींच्या मोज्यांना भोकं. पाद्रीबाईंच्या तळव्यात बुटातला खिळा रुतलेला निघाला. कधीपासून रुतला होता त्यांना पत्ता नव्हता. खिळा हातात घेऊन त्या रडायला लागल्या. पुढच्या आठवड्यात फिरत्या दवाखान्याची गाडी आली तेव्हा आम्ही सगळ्या एकत्र गेलो. निम्म्याहून जास्त जणींना साखर आहे. नर्स म्हणाली, "आज काय संप आहे का तुमचा?"

ईस्टरच्या सुट्टीत तू आली नाहीस. आता जूनच्या सुट्टीत ये. बारीक ये, जाड ये, जशी असशील तशी ये. विहीणबाई येणार आहे, तुझी तिच्याशी ओळख मीच करून देणार आहे. चरबीचा डबा आता नाही. भोपळ्याची पानं आणि घेवडा करीन, मीठ तू घाल.

आता परवाच्या गुरुवारचं सांगते आणि पत्र संपवते. माम्पिंगा त्यानंतर प्रार्थनेला आली नव्हती. परवा आली. आम्ही पाय बघायला बसलो होतो. ती सरळ माझ्यापाशी आली, समोरच्या बाकावर बसली, बूट काढला, मोजा काढून बुटात खोचला आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"बघ," म्हणाली. "आणि बोलू नकोस. मी अजून तुझ्याशी बोलत नाही."

मी बघितलं. टाच बघितली, बोटांच्या फटी एकेक करून उघडून बघितल्या, अंगठ्याने तळवा दाबत गेले. कुठं काही नव्हतं. मी मान हलवली.

तिने तो पाय खाली घेतला आणि दुसरा ठेवला.

तुझी ताई,
नोबांतू